पावतीखालचं बटण परत द्या : ॲप चालवणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या ग्राहकांसाठी आणि नागरिकांसाठी मोबाइल ॲप चालवणाऱ्या बँका, पतसंस्था, विमा कंपन्या, महापालिका आणि सरकारी खाती यांचे प्रमुख. तसेच त्यांना ही ॲप बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या

विषय : फोनमधल्या ॲपना एकमेकांकडे काम सोपवता येईल असे रस्ते बंद केल्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच सभासदांची खाती ज्या बँकेत आहेत, तिच्या ॲपची नवी आवृत्ती नुकतीच आली. पैसे भरल्यावर जी पावती दिसते, तिच्याखालचं ‘शेअर’ बटण या आवृत्तीत काढून टाकलं आहे. स्क्रीनशॉटला आधीपासूनच बंदी होती. शाखेत विचारलं तर ‘ग्राहकांच्या सुरक्षेसाठी’ एवढंच उत्तर मिळालं. बँकेचं नाव मी इथे घेत नाही, कारण गाऱ्हाणं एका बँकेपुरतं नाही. विमा कंपनीचं ॲप, पालिकेचा कर भरायचं ॲप, मुलांच्या शाळेच्या फीचं ॲप, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चाललं आहे. म्हणून पत्र सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर.

मी दोन नात्यांनी लिहिते आहे. अँड्रॉइडची ॲप बनवणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे तुम्ही काय करू शकता आणि त्याला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. आणि ठाण्यातल्या एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीची मी खजिनदार आहे, त्यामुळे तुम्ही ते केलं नाही की माणसांवर काय वेळ येते हेही मला दिसतं.

बटण गेल्यापासून आमचे निवृत्त सभासद मेंटेनन्सची पावती अशी पाठवतात : नवऱ्याच्या फोनवर पावती उघडायची आणि बायकोच्या फोनने तिचा फोटो काढायचा. फोटो हललेला असतो, काचेवर ट्यूबलाइटची तिरीप पडलेली असते, व्यवहार क्रमांकातला तो आकडा ३ आहे की ८ ते कळत नाही. मग मी फोन करते आणि समोरून बारा आकडे एकेक करून वाचले जातात. वाचणाऱ्याला आपलं वय झालं याची उगाचच लाज वाटत असते. खरं तर त्यात त्यांचं काहीच चुकलेलं नसतं. शिवाय जी माहिती जपायची म्हणून तुम्ही बटण काढलंत, ती आता दुसऱ्या फोनच्या गॅलरीत आहे, गॅलरीच्या बॅकअपमध्ये आहे आणि व्हॉट्सॲपवरही आहे.

पुढच्या तक्रारी नीट कळाव्यात म्हणून फोनच्या आत काय होतं ते थोडक्यात सांगते.

अँड्रॉइड हे लिनक्स या प्रणालीवर उभं आहे आणि त्यात प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानलं जातं. एकाच्या फायली दुसऱ्याला वाचता येत नाहीत, एकाची मेमरी दुसऱ्याला दिसत नाही. दोन ॲपना एकमेकांशी काही बोलायचं असेल तर मधे फोनची प्रणाली असते. ॲप तिच्याकडे एक चिठ्ठी देतं : काय करायचं आहे, कशावर करायचं आहे आणि ती वस्तू कोणत्या प्रकारची आहे. ‘ही पीडीएफ पाठवायची आहे.’ ‘हा नंबर डायलपॅडवर आणा.’ ‘एक फोटो काढून मला द्या.’ कोणत्या प्रकारच्या चिठ्ठ्या आपण घेतो हे प्रत्येक ॲपने आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपसोबतच्या माहितीपत्रकात, आधीच जाहीर केलेलं असतं. प्रणाली ते ताडून बघते, जुळणाऱ्या ॲपची यादी समोर ठेवते, आणि कोणाकडे द्यायचं ते फोन हातात असलेला माणूस ठरवतो. ही चिठ्ठी म्हणजे इंटेंट. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला तेव्हापासून ती आहे. आयफोनची रचना वेगळी, तिथे २०१४ च्या आयओएस ८ पासून शेअर एक्स्टेन्शन ही तशीच सोय आली. पण शेवटचा निर्णय माणसाचा, हे दोन्हीकडे सारखंच.

या व्यवस्थेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट. काम सोपवायला परवानगी लागत नाही. तुमच्या ॲपला फोटो हवा असेल तर कॅमेऱ्याचा ताबा घ्यायची गरज नाही. कॅमेरा ॲपला सांगा, ते फोटो काढून देईल. एखादा फोन नंबर हवा असेल तर अख्खी संपर्कयादी वाचायची गरज नाही. संपर्क ॲपला सांगा, माणूस एक नाव निवडेल आणि तेवढंच तुम्हाला मिळेल. हा रस्ता फोनमध्ये तयार असताना तुम्ही तो वापरत नाही, उलट आपल्या बाजूने बुजवता. माझ्या सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात.

पहिली तक्रार पावतीचीच. पीडीएफ दुसऱ्या ॲपला सुरक्षितपणे कशी द्यायची याचं उत्तर प्रणालीने केव्हाच दिलेलं आहे. त्याला फाइलप्रोव्हायडर म्हणतात आणि नवशिक्या डेव्हलपरलाही तो पहिल्या काही महिन्यांत शिकवला जातो. फाइल तुमच्या ॲपच्या जागेतच राहते. दुसऱ्या ॲपला मिळतो तिचा एक पत्ता आणि तो वाचण्याची तात्पुरती मुभा, तीही त्या एका फाइलपुरती. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून तर फाइलचा थेट मार्ग दुसऱ्याला देऊ करणारं, त्या आवृत्तीसाठी बांधलेलं ॲप जागीच बंद पडतं. म्हणजे धोक्याचा रस्ता प्रणालीने स्वतःच बंद केला आणि चांगला उघडा ठेवला. तुम्ही मात्र चांगलाच बंद केलात. पिन टाकायच्या किंवा कार्डाचा क्रमांक दिसणाऱ्या पडद्यावर स्क्रीनशॉटला बंदी असावीच, मीही माझ्या ॲपमध्ये ती घालते. पण पावती ही दुसऱ्याला दाखवण्यासाठीच जन्माला येते. ती लपवून कोणाचं रक्षण होतं?

दुसरी तक्रार आत येणाऱ्या कागदांची. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी काकांच्या ऑपरेशनचा क्लेम भरला, तेव्हा मी शेजारी बसले होते. हॉस्पिटलने बिल आणि डिस्चार्ज समरी पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवली होती. काकूंनी फाइलवर बोट ठेवून ‘शेअर’ दाबलं. यादीत मेल होता, ब्लूटूथ होतं, नातवाने घातलेले दोन गेमसुद्धा होते. विमा कंपनीचं ॲप नव्हतं. मग ते ॲप उघडून ‘कागदपत्र जोडा’ दाबलं. त्याने आधी सगळ्या फायलींची परवानगी मागितली, मग कॅमेऱ्याची, मग संपर्कांची. काकू संपर्कांना ‘नाही’ म्हणाल्या. ॲप त्या पडद्यावरून पुढे सरकेना. शेवटी ‘हो’ म्हटलं, तर ते पीडीएफ घेतच नव्हतं, फक्त फोटो चालत होते. काकू खाली झेरॉक्सच्या दुकानात गेल्या, पेनड्राइव्ह नव्हता म्हणून फाइल दुकानदाराच्या नंबरवर पाठवली, छापून आणली, आणि डायनिंग टेबलावर एकेक पान ठेवून फोटो काढले. काकांना कोणता आजार आहे, हे आता त्या दुकानदाराच्या फोनमध्येही आहे.

हे टाळायला काय लागलं असतं? ‘मी पीडीएफ घेतो’ असं सांगणाऱ्या मॅनिफेस्टमधल्या चार-पाच ओळी, आणि आलेली फाइल क्लेमला जोडणारा एक पडदा. फोनमधूनच फाइल निवडायची असेल तर प्रणालीची स्वतःची निवडखिडकी २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून आहे, तिला स्टोरेजची परवानगी लागत नाही. फोटोंसाठीची वेगळी खिडकी २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये आली. तिच्यातून माणूस हवे तेवढेच फोटो देतो, बाकीची गॅलरी तुमच्या ॲपला दिसतही नाही.

परवानग्यांची हाव ही माझी तिसरी तक्रार, आणि ती फक्त काकूंच्या विमा कंपनीपुरती नाही. कॉल सेंटरला फोन लावायचा म्हणून तुम्ही फोन करण्याची परवानगी मागता. नंबर डायलपॅडवर आणून ठेवायला ती लागतच नाही, हिरवं बटण माणूस दाबेल. ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागता. त्यासाठी एसएमएस रिट्रीव्हर नावाची सोय आहे : संदेशाच्या शेवटी तुमच्या ॲपची ११ अक्षरी खूण असली की तेवढा एकच संदेश तुम्हाला दिला जातो, बाकी इनबॉक्स बंद राहतो. संपर्कयादी उचलली की काय होतं ते या देशाने कर्जाच्या ॲपमध्ये पाहिलं आहे. हप्ता चुकला म्हणून कर्जदाराच्या नातेवाइकांना, सहकाऱ्यांना फोन करून त्याची अब्रू काढली गेली. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाच्या ॲपना फायली, संपर्क, कॉलची यादी यांना हात लावायला मनाई केली. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त खातं उघडताना किंवा केवायसीसाठी, एकदाच आणि संमतीने. कर्जाच्या ॲपला जे लागू, ते तुम्ही बाकीच्यांनी आपणहून का पाळू नये? पाळायला कोणाची ना नाही.

आता यूपीआय. इथे मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण ॲपनी एकमेकांकडे काम सोपवण्याचं इतकं मोठं आणि इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय आणलं, तेव्हा पैसे मागणाऱ्या लिंकचा साचाही ठरवून दिला : पैसे कोणाला, नाव काय, रक्कम किती, टीप काय. कोणत्याही ॲपने त्या साच्यातली चिठ्ठी प्रणालीला द्यायची, फोनमधली यूपीआय ॲप यादीत येतात, माणूस आपलं नेहमीचं ॲप निवडतो आणि तिथे पिन टाकतो. पैसे मागणाऱ्याला पिन कधीच दिसत नाही. नाक्यावरच्या भाजीवाल्याचा क्यूआर आणि मोठ्या दुकानाचं ॲप दोन्ही याच साच्यावर चालतात.

आणि एवढी सोपी व्यवस्था तुमच्याकडे येऊन मोडते. त्याचे दोन प्रकार मी सारखे बघते. पहिला असा : तुमचं ॲप म्हणजे खरं तर आत उघडलेलं एक वेबपान असतं. ‘यूपीआयने भरा’ दाबलं की ते पान यूपीआयची लिंक उघडायला जातं, आणि ॲपमधल्या त्या ब्राउझरला ती कशी हाताळायची हे कोणी शिकवलेलंच नसतं. पडद्यावर येतं पांढरं पान आणि इंग्रजीत ‘अननोन यूआरएल स्कीम’. मालमत्ता कराच्या सवलतीचा शेवटचा दिवस असतो आणि माणूस या तीन शब्दांकडे बघत बसतो. वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आतल्या या ब्राउझरमध्ये, अशा लिंक ओळखून त्या प्रणालीच्या हाती देण्याची तरतूद आहे. ती न करता ॲप प्ले स्टोअरवर ठेवलं गेलं, याचा अर्थ खऱ्या फोनवर कोणी एकदाही पैसे भरून बघितलं नाही.

दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात माणसाचे पैसे अडकतात. आमच्याकडे बऱ्याच जणांचे फोन दोन-तीन जीबी रॅमचे आहेत. अशा फोनवर तुमच्या ॲपमधून यूपीआय ॲपमध्ये गेलं की जागा करण्यासाठी प्रणाली मागे राहिलेलं तुमचं ॲप बंद करते. तिने ते करायचंच असतं, तो दोष नाही. माणूस पिन टाकतो, पैसे जातात, तो परत येतो, आणि तुमचं ॲप नव्याने सुरू होऊन पहिल्या पानावर उभं असतं. भरणा झाला की नाही याचा मागमूस नाही. बिल अजून ‘बाकी’ दाखवतं. घाबरून माणूस पुन्हा भरतो. आमच्या सोसायटीत पाणीपट्टी, वीजबिल, शाळेची फी असं दोनदा भरणारी माणसं मी बघितली आहेत. जास्तीचे पैसे परत यायला किती खेपा घालाव्या लागतात ते तुमच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना विचारा.

यावरचा उपाय अँड्रॉइड शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. बाहेर पडण्याआधी आपण कोणत्या व्यवहारात होतो याची नोंद ठेवायची, परत आल्यावर ती वाचायची, आणि ‘आम्ही भरणा तपासत आहोत, पुन्हा भरू नका’ असं मराठीत पडद्यावर लिहायचं. भरणा झाला की नाही ते यूपीआय ॲपने परत दिलेल्या निरोपावरून ठरवायचं नाहीच. तो निरोप हरवू शकतो आणि कोणी बनावटही करू शकतो. ते तुमच्या सर्व्हरने बँकेकडून खात्री करूनच सांगायचं. यात अवघड काही नाही. फक्त स्वस्त फोनवर ॲप तपासायला हवं, आणि तुमचे डेव्हलपर महागड्या फोनवर तपासतात.

पैसे भरताना फोनमधल्या सगळ्या यूपीआय ॲपची यादी न दाखवता दोन-तीन ठरावीक ॲपचीच चित्रं लावणं हाही अन्याय आहे. अँड्रॉइडवर तसं करायचं काही कारण नाही. आयफोनवर अडचण आहे हे मान्य : एकाच प्रकारच्या लिंकवर अनेक ॲपनी हक्क सांगितला तर कोणतं उघडेल याची खात्री ॲपल देत नाही, म्हणून तिथे एकेका ॲपची वेगळी लिंक ठेवावी लागते. पण तिथेही ‘इतर’ म्हणून क्यूआर दाखवता येतो. सहकारी बँकेचं साधं यूपीआय ॲप वापरणाऱ्या आजोबांना दुसऱ्या कंपनीचं ॲप घ्यायला भाग पाडू नका.

चौथी तक्रार लिंकांची. बँकेचा एसएमएस येतो, त्यात एक आखूड केलेली लिंक असते, ती दाबली की ब्राउझर उघडतो आणि पासवर्ड विचारतो. फसवणारे अगदी हेच करतात. ई-चलनाच्या नावाने, केवायसीच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून बसवायचं ॲप, पाठवायची, ती बसवली की एसएमएसची परवानगी घ्यायची आणि ओटीपी परस्पर पळवायचे, हा उद्योग गावोगाव चालू आहे. अशा वेळी खरी लिंक आणि खोटी लिंक सारखीच वागत असेल, तर ‘अनोळखी लिंक उघडू नका’ या तुमच्या जाहिरातींचा लोकांनी काय उपयोग करायचा? अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून ॲप लिंक आहेत, आयफोनमध्ये त्याच वर्षीच्या आयओएस ९ पासून युनिव्हर्सल लिंक. तुमच्या वेबसाइटवर एक छोटी फाइल ठेवायची, तिच्यात तुमच्या ॲपची सही असते, आणि मग त्या पत्त्याची लिंक थेट तुमच्याच ॲपमध्ये उघडते. दुसऱ्या ॲपला ती आपली म्हणून अडवता येत नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून असा पुरावा नसलेल्या वेबलिंक सरळ ब्राउझरकडे जातात. बँकांना तर रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायला सांगितलंच होतं. पत्ता राखीव आहे, पुराव्याची सोय आहे; दोन्ही जोडायचं काम तेवढं राहिलं आहे.

पाचवी तक्रार लिहिताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो आहे. आमच्या सोसायटीतले एक सभासद अंध आहेत. ते टॉकबॅक ऐकून फोन चालवतात, बोटाखाली काय आहे ते फोन त्यांना वाचून दाखवतो. हीसुद्धा एका ॲपने दुसऱ्याला दिलेली सेवाच आहे. त्यांच्या बँकेच्या ॲपने अपडेटनंतर निरोप दिला : ‘ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू आहे, ती बंद करून पुन्हा या.’ ती बंद केली तर त्यांचा फोन मुका होतो. स्वतःच्या पगाराचे पैसे बघायला ते आता मुलीला बोलावतात.

हे तुम्ही का केलंत ते मला कळतं. घातक ॲप हीच सेवा घेऊन पडदा वाचतात आणि माणसाच्या नकळत बटणं दाबतात. पण त्यावर नेमका उपाय उपलब्ध आहे. अपंगांसाठीचं खरं साधन कोणतं याची खूण सेवा आपल्या नोंदीत देते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये तुमच्या पडद्यावरची नाजूक माहिती ‘फक्त अशाच साधनांना दिसेल’ असं ठरवता येतं. सरसकट सगळ्यांना बाहेर काढायची गरज उरलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं. हे वाचल्यावरही तो निरोप तुमच्या ॲपमध्ये राहणार असेल, तर कोणाच्या सहीने राहतो आहे हे जाहीर करा.

त्याला लागूनच, थोडक्यात : तुमच्या पडद्यावरचा मजकूर बोट दाबून निवडता येत नाही, म्हणून तो वाचून दाखवणाऱ्या किंवा भाषांतर करणाऱ्या ॲपकडे पाठवता येत नाही. ही सोयही २०१५ पासून फोनमध्ये आहे. काही खात्यांच्या मराठी पीडीएफ अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की निरर्थक चिन्हं उमटतात. आणि काही ॲप स्वतःचाच इंग्रजी कीबोर्ड पुढे करतात, त्यामुळे अर्जात आपलं नाव मराठीत लिहिता येत नाही. पिनसाठी स्वतःचा कीबोर्ड ठेवा. नाव-पत्त्यासाठी माणसाचा कीबोर्ड त्याला वापरू द्या.

‘रस्ते उघडले की चोर येतील’ असं तुमचे सुरक्षा अधिकारी म्हणतील. त्यांच्या कामाचा मला आदर आहे, म्हणून त्यांच्यासाठीही लिहिते. बाहेरून आलेल्या कोणत्याही चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. रक्कम, खातं, पत्ता सगळं पुन्हा तपासा आणि माणसाला दाखवून त्याची संमती घ्या. ॲपमधला कोणता पडदा बाहेरच्यांसाठी उघडा आहे हे अँड्रॉइड १२ पासून स्पष्ट लिहावंच लागतं. ती यादी एकदा छापून घ्या आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा. मी आजवर ज्या ॲपच्या तपासणीत बसले, तिथे विसरून उघड्या राहिलेल्या पडद्यातून धोका आलेला दिसला. पावतीच्या बटणातून आलेला मला दिसलेला नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. प्रत्येक पावती, दाखला, विवरण आणि पोचपावतीखाली ‘शेअर’ बटण असावं आणि ती फाइल पीडीएफ म्हणून जावी. ज्यांनी काढलं आहे त्यांनी पुढच्याच आवृत्तीत परत द्यावं.

२. जिथे कागदपत्रं मागता तिथे दुसऱ्या ॲपमधून शेअर केलेली पीडीएफ आणि फोटो स्वीकारा.

३. संपर्क, एसएमएस, कॉल आणि सगळ्या फायली या परवानग्या काढून टाका. एखादी खरंच लागत असेल तर कोणत्या कामासाठी, हे मराठीत लिहा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचं बाकीचं काम अडवू नका.

४. यूपीआयसाठी फोनमधली सगळी ॲप दिसू द्या. भरणा चालू असताना ॲप बंद पडलं तरी परत आल्यावर माणसाला त्याच व्यवहाराची खरी स्थिती दिसली पाहिजे. दोन जीबी रॅमच्या फोनवर हे तपासल्याशिवाय आवृत्ती बाहेर काढू नका.

५. एसएमएसमध्ये आखूड केलेल्या लिंक पाठवणं बंद करा. लिंक तुमच्या स्वतःच्या पत्त्याची आणि ॲपशी पुराव्याने जोडलेली असावी.

६. टॉकबॅकसारख्या साधनांना अडवणारी तपासणी ताबडतोब मागे घ्या, आणि प्रत्येक आवृत्ती बाहेर काढण्याआधी ती अंध वापरकर्त्यांकडून मोबदला देऊन तपासून घ्या.

७. सरकारी खाती आणि महापालिकांनी हे मुद्दे निविदेतच घालावेत. निविदेत नसेल तर व्हेंडर करत नाही आणि त्याला जाबही विचारता येत नाही. ॲप ताब्यात घेताना या मुद्द्यांची तपासणी झाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नये.

यातली बहुतेक कामं एका लहान टीमची काही आठवड्यांची आहेत, असं मी माझ्या अनुभवावरून सांगते. तुमच्या टीमला अडचण आली तर मी आणि माझे काही सहकारी शनिवार-रविवारी येऊन बसायला तयार आहोत, पैसे नकोत. लागणारे नमुने आमच्याकडे तयार आहेत. ज्या बँकेने बटण काढलं, तिच्या शाखेत या पत्राची प्रत मी सोसायटीच्या लेटरहेडवर, सभासदांच्या सह्यांसह देते आहे आणि पोच घेणार आहे. लेखी उत्तर यावं ही विनंती; येईल ते सोसायटीच्या सूचनाफलकावर जसंच्या तसं लावलं जाईल.

आपली,
एक ॲप-विकासक आणि सोसायटीची खजिनदार
ठाणे